पत्र्याच्या कडेची वायर

बिरवाडीत माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. दर्शना उतेकर पहिल्यांदा तिथे आली तेव्हा काउंटरवरचा एक माणूस तिला म्हणाला होता, "वहिनी, यादी ठेवून जा, शेठ काढून ठेवतील." त्याला वाटलं, कुणा वायरमनने बायकोला सामान आणायला पाठवलंय. दर्शनाने त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "काका, ही वायर अडीच एमएमची म्हणून देताय, पण हातात घेतल्यावर हलकी वाटते. टोक सोलून दाखवा." मी सोलून दाखवलं. तिचं बरोबर होतं. ती कॉइल मी व्यापाऱ्याला परत केली आणि दर्शना माझ्या दुकानाची कायमची गिऱ्हाईक झाली.

ती मूळची पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोंगरातल्या वाडीतली. वडील मुंबईत गोदीत कामाला होते, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे घरी यायचे. ती बारावीत असताना ते वारले. महाडला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला नाव घातलं तेव्हा वर्गात दोन मुली होत्या, त्यातली दुसरी दिवाळीनंतर आलीच नाही. पुढे हिने दोन वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर काढली. कंत्राट संपलं आणि ती घरांच्या वायरिंगची कामं घेऊ लागली. माय-लेकी आमच्याच आळीत एका खोलीत भाड्याने राहतात. जुनी स्कूटी, पाठीला सॅक, सॅकमध्ये पक्कड, हातोडा, टेस्टर आणि आईने फडक्यात बांधून दिलेली भाकरी, हा तिचा संसार.

तिचं काम संथ अशी लोकांची तक्रार असते. एका पंख्यापायी दुपार घालवते म्हणतात, आणि पुढच्या वेळी तिलाच बोलावतात. पण हे आताचं. सुरुवातीला तीही घाईत असायची, सगळ्या नव्या वायरमनसारखीच. त्या घाईतलं एक काम तिच्या अंगाशी आलं ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली आहे. तिचा थोडा भाग माझ्या डोळ्यांदेखत घडला, बाकीचा मला तिने आणि चांगूने सांगितला.

त्या दिवशी सकाळपासून सर येत होती आणि जात होती. साडेदहाच्या सुमारास दर्शना दुकानात स्टुलावर बसून स्विचबोर्ड भरत होती. तेवढ्यात चांगू आला. हा उंबरखोलचा. उंबरखोल म्हणजे पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याला बारा-पंधरा घरांची वाडी. चांगू पन्नाशीचा, दर आठवड्याला बिरवाडीत भाच्याकडे येतो आणि जाताना माझ्याकडून काहीबाही नेतो. त्याने दोन बल्ब मागितले.

"गेल्या महिन्यातच नेलेस की," मी म्हणालो.

"माजे नायत, सोनबाचे. त्याच्याकडं बल्ब पिवळा पडतो आणि मग जातो. घराला कायतरी झालंय शेठ. नवे पत्रे घातलेत, आणि आता त्याची म्हातारी म्हणते, पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात." आणि तो हसला.

दर्शनाचा हात थांबला. "कुठला सोनबा?"

"आमच्या उंबरखोलचा. देवळाच्या वरचं घर."

"त्यांच्या घरावर कौलं होती."

"व्हती. चैतात काढली. माकडं लई फोडतात. पोरानं मुंबईहून पैसे पाठवले, पत्रे घातले."

ती स्टुलावरून उठली. मीही काउंटरमागून बाहेर आलो. त्याच्या चार वर्षं आधी त्या घराला लाइट जोडायला लागणारं सामान माझ्याच दुकानातून गेलं होतं.

काय झालं होतं ते सांगतो. खांबावरून घरात येणाऱ्या वायरला आम्ही सर्व्हिस वायर म्हणतो. ती भिंतीतून आत घ्यायची तर भिंतीला भोक पाडून त्यात पाइपचा तुकडा बसवावा लागतो, म्हणजे वायर कशावर घासत नाही. शिवाय बाहेरच्या बाजूला वायरला खाली झोल द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोलातून खाली गळून जातं, वायरीवरून आत येत नाही. हे दर्शनाला तेव्हाही ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाऊण इंची पाइप आणि बेंड, म्हणजे पाइपाचं तोंड खाली वळवणारा बाक, मागितला होता. पाइप संपला होता, माल दुसऱ्या दिवशी यायचा होता. आणि लाइनमन खांबावर जोडणी करायला त्याच दिवशी येणार होता, नंतर आठवडाभर नाही. गणपती चार दिवसांवर. मी म्हणालो, "आज कौलांखालून माळ्यावर ओढून घे, पाइप मागाहून घाल. कौलं काय वायर कापतात होय?"

तिने तसंच केलं. भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामधल्या फटीतून वायर माळ्यावर घेतली, वाशाला बांधली, तिथून खाली मीटरला आणली. राहीबाईला, म्हणजे सोनबाच्या बायकोला, सांगून आली की पुढच्या आठवड्यात पाइप घालून जाते. पुढच्या आठवड्यात तिची आई आजारी पडली. मग एका कंपनीच्या क्वार्टर्सचं मोठं काम आलं. पाइप राहिला.

कौल वायर कापत नाही. पत्र्याची कड कापते. वाऱ्याने वायर हलते, कड तिच्यावर घासते, आणि तीन महिन्यांत वरचं रबर जातं. मग सगळा पत्रा, पत्रा ज्या लोखंडी पाइपांवर बसवलाय ते पाइप, त्या पाइपांना बांधलेली कपड्यांची तार, सगळ्यात करंट.

"चांगूकाका, सोनबांना फोन लावा."

चांगूने लावला. फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. "घरात रेंज नाय. देवळाच्या चौथऱ्यावर येते फकस्त."

"शेजारी?"

"सगळ्यांचं तेच."

दर्शनाने सॅक उचलली, माझ्याकडून रबरी हातमोजे, पाऊण इंची पाइप आणि एक बेंड घेतला. "काका, सहदेव लाइनमनला लावत राहा. त्याला सांगा, उंबरखोलला सोनबाच्या पत्र्यात करंट आहे, लाइन बंद करा. चांगूकाका, माझ्यामागे बसा."

चांगूला अजून नीट उमगलं नव्हतं, पण तो बसला. बल्ब काउंटरवरच राहिले.

बिरवाडीहून उंबरखोल म्हणजे हायवेने पोलादपूर आणि पुढे चढ, एक तास तरी लागतो. त्या तासाबद्दल दर्शना फारसं बोलत नाही. वाटेत ती एकदाच थांबली, पोलादपूरच्या नाक्यावर, आणि तिने मला फोन केला, "सहदेव मिळाला का?"

मिळाला नव्हता. त्याचा फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता. सबस्टेशनचा नंबर माझ्याकडे होता, तो एंगेज लागत होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दोन्ही फोन समोर घेऊन बसलो. सव्वाअकराला सहदेवने उचलला. तो कापडे गावाच्या बाजूला खांबावर चढला होता, पडलेली तार जोडत होता.

मी सांगितलं. त्याने खांबावरूनच सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तिला म्हणावं वायरीला हात लावू नको, काही झालं तरी. मी निघतो. पण मला तास लागेल, दीड तासही लागेल. तोवर सबस्टेशनवरून तिकडचा सगळा फीडर बंद करायला सांगून बघतो."

"बघतो म्हणजे?"

"शेठ, त्या लाइनवर बावीस गावं आणि सरकारी दवाखाना आहे. ऑपरेटर एकदम नाही बंद करत. मी सांगतो त्याला."

ती उंबरखोलला पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते आणि पावसाने पुन्हा जोर धरला होता. चांगूला तिने देवळापाशीच उतरवलं. "तुम्ही इथंच थांबा. काकांना फोन लावा आणि कापू नका. लाइन बंद झाली की मला ओरडून सांगा."

राहीबाई पडवीत कुळीथ निवडत बसली होती. तिच्या डोक्यावर हातभर उंचीला कपड्यांची लोखंडी तार, एक टोक छपराच्या पाइपला बांधलेलं. तारेवर लुगडं वाळत घातलेलं आणि त्याचा पदर म्हातारीच्या पाठीमागे लोंबत होता.

"आजी, उठा. वर हात करू नका. तशाच अंगणात या."

"कोन गो तू?"

"मी वायरमन. चार वर्षांमागं तुमची लाइट मी आणलेली."

म्हातारी उठली, पण सावकाश, सूप बाजूला ठेवून. "मंग बरी आलीस. ती तार चावते बघ. काल असा झटका बसला, मी आता काठीनं कपडे काढते. मांजर पण तीन दिस पत्र्यावर गेलं नाय."

दर्शनाने टेस्टर तारेला टेकवला. लाल ठिपका पेटला.

"बाबा कुठं आहेत?"

"माळ्यावर. तुज्या त्या वायरीच्या जागेतनं पाणी येतंय, तांदळाच्या गोणी भिजायला लागल्या. फडका घेऊन गेलेत बुजवायला."

"कसला फडका?"

"जुनं धोतर. ओलं करून दिलं मी. कोरडं नीट बसत नाय म्हणाले."

ओल्या धोतरातून करंट थेट हातात येणार होता. पण ती धावली ती आधी मीटरकडे. मेन स्विच खाली ओढला, परत येऊन टेस्टर तारेला लावला. ठिपका तसाच. ते तिला ठाऊक होतं, तरी बघितलं. वायर खांबावरून आधी माळ्यावर जात होती आणि मग खाली मीटरला येत होती. कापलेली जागा मीटरच्या अलीकडे. घरातला कोणताही स्विच त्या वायरीला बंद करू शकत नव्हता. तशी ती वायर तिनेच आणली होती.

"आजी, ह्या मीटरच्या डब्यात लाल दिवा दिसतो? इथं उभ्या राहा. कशालाच हात लावू नका. दिवा विझला की मला हाक मारा. परत लागला तरी हाक मारा."

माजघरातून माळ्यावर लाकडी शिडी होती. ती वर चढली आणि छातीपर्यंत माळ्यात डोकावली. फळ्यांची जमीन, वर पत्रा, इतका खाली की मधोमधसुद्धा माणूस वाकूनच उभा राहील. पलीकडच्या टोकाला मागच्या भिंतीपाशी फटीतून उजेड येत होता, आणि त्या उजेडात सोनबा पाठमोरा उकिडवा बसला होता. उजव्या हातात ओल्या धोतराचा बोळा. वायर त्याच्या हातापासून वीतभर.

"बाबा, थांबा."

तो ऐकत नव्हता. सोनबाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, आणि वर पत्र्यावर पाऊस पडत होता. ती पुन्हा ओरडली. त्याने बोळा चुरगाळून लहान केला.

शिडीच्या तोंडापाशी सोललेले नारळ रचून ठेवले होते. तिने एक उचलला आणि फळ्यांवरून जोरात घरंगळत सोडला. नारळ त्याच्या टाचेवर आदळला. सोनबा दचकून मागे वळला.

"कोन हाय?"

आणि तो उठू लागला. त्याचं डोकं पत्र्याकडे चाललं. दर्शनाने दोन्ही हात खाली दाबून दाखवले, खाली, खाली. तो तसाच अर्धा वाकलेला थांबला, डोक्याच्या वर चार बोटांवर पत्रा. अनोळखी पोरगी, पँट घातलेली, आपल्या माळ्यात डोकं काढून हातवारे करतेय. तो रागावला.

"काय चाललंय तुजं? कुनी धाडलं तुला?"

तिने हात लांब करून टेस्टरचं टोक पत्र्याला लावलं. माळ्यात अंधार होता म्हणून ठिपका स्पष्ट दिसला. तिने टेस्टर काढला, ठिपका गेला. पुन्हा लावला, पेटला. मग बोट पत्र्याकडे, बोट त्याच्या डोक्याकडे, आणि मान हलवली.

सोनबाने ठिपक्याकडे बघितलं. मग वर पत्र्याकडे. मग हातातल्या बोळ्याकडे. बोळा त्याने अलगद फळीवर ठेवला, आणि हळूहळू, गुडघे धरून, तांदळाच्या गोणीवर बसला.

तिने त्याला इकडे येण्याची खूण केली नाही. दोघांच्या मध्ये छपराचा एक लोखंडी पाइप आडवा गेला होता, फळ्यांपासून दीड हातावर. सोनबा जाताना त्याखालून सरपटत गेला होता. सोनबाने डाव्या खांद्याला हात लावला आणि बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्याने बोलला, "येताना हितं कायतरी चावलं. हात बधिर झालाय. मला वाटलं लचक भरली."

म्हणजे एकदा तो वाचला होता. कसा ते दर्शनालाही कळलं नाही. अंगातला जाडा सदरा तेव्हा कोरडा असेल, एवढंच ती म्हणते. आता सदरा ओला होता, बोळ्याचं पाणी त्याच्या मांडीवर गळलं होतं, आणि एक हात कामातून गेलेला. पुन्हा त्या पाइपाखालून यायचं म्हणजे पाठ टेकणारच.

तिने त्याला हातांनी सांगितलं, बसून राहा. त्याने मान डोलावली.

मी तिला नंतर विचारलं, तू का नाही गेलीस पलीकडे? तू बारीक आहेस, तुझ्याकडे हातमोजे होते. म्हणाली, "हाताला मोजे होते काका, पाठीला नव्हते. गेले असते तर आत दोघं अडकलो असतो आणि बाहेर एकटी आजी राहिली असती."

खाली राहीबाई विचारत होती, "काय झालं गो? ते का येत नायत?" दर्शनाने शिडीवरूनच सांगितलं, खोटं न बोलता. म्हातारी दिव्याकडे बघत राहिली. मीटरसमोरून हललीही नाही.

देवळापाशी चांगू फोनवर मला विचारत होता आणि मी दुसऱ्या फोनवर सहदेवला. सहदेव मोटारसायकलवर होता, मध्ये थांबून थांबून बोलत होता. ऑपरेटर म्हणाला होता, साहेबांना विचारतो. साहेब मीटिंगमध्ये होते. बारा वाजून पाच. बारा वाजून दहा. माझ्या दुकानाबाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन अर्ध्या शटरखालून वाकून बघून गेली. मला माझंच वाक्य ऐकू येत होतं, कौलं काय वायर कापतात होय.

माळ्यावर पाणी वायरीवरून आत येत होतं. वायरीला बाहेर झोल नव्हता, त्यामुळे पावसाचा थेंब न् थेंब वायरीच्या अंगावरून घरंगळत भिंतीवर आणि फळ्यांवर येत होता. फळ्यांवरचा ओला डाग सोनबाच्या गोणीकडे सरकत होता. दर्शनाला तो सरकताना दिसत होता. तिने सोनबाला पाय वर घ्यायला लावले. मग खाली उतरली, माजघरातून चार कोरडी गोणपाटं आणि पडवीतला वाळका बांबू घेतला, पुन्हा वर चढून पोटावर पडून, एकेक गोणपाट बांबूने ढकलत त्याच्यापर्यंत पोचवलं. चौथं गोणपाट पाइपाला अडलं. तिने ते तिथेच सोडलं. सोनबाने तीन पायांखाली घेतली आणि त्यांवर मांडी घालून बसला. त्याचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. तिचेही त्याच्यावरून. जवळजवळ अर्धा तास ती दोघं अशी समोरासमोर होती, दहा-बारा हातांवर.

बारा पंचवीसला सहदेवचा फोन आला. "बंद करतोय. दहा मिनिटं मिळालीत, जास्त नाही. दवाखान्यात पेशंट आहेत. मी अजून खालीच आहे, मी पोचेपर्यंत थांबणार नाहीत."

मी चांगूला सांगितलं. चांगू चौथऱ्यावरून ओरडत धावला. त्याच्या आधीच राहीबाईची हाक आली, "विझला. दिवा विझला गो."

दर्शनाने टेस्टर पत्र्याला लावला. ठिपका नाही. टेस्टरच बिघडला नाही ना, हे बघायला तिच्याकडे दुसरा होता, तोही लावला. मग फोनमधली वेळ बघितली आणि पाइपाखालून आत गेली.

सोनबाला उठता येईना. पायांत गोळे आले होते, डावा हात लोंबत होता. तिने त्याला काखेत धरलं आणि फळ्यांवरून ओढत आणलं. पाइपाखालून जाताना त्याचा खांदा लोखंडाला घासला आणि त्याने डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. शिडीपाशी पोचायला पाच मिनिटं गेली. खाली चांगू उभा होता, त्याने सोनबाचे पाय एकेक करून पायरीवर ठेवले. म्हातारा जमिनीला लागला तेव्हा आठवं मिनिट चालू होतं.

"अजून दोन मिनिटं हायत," चांगू म्हणाला. "जा, ती वायर काढून टाक एकदाची."

"नाही."

"अगो लाइट नाय ना आता."

"नाही चांगूकाका. सहदेव फ्यूज काढेपर्यंत मी वर जाणार नाही."

तिने सगळ्यांना अंगणात काढलं, पावसात. फक्त राहीबाई दारातून मीटरकडे बघत होती. नवव्या मिनिटाला ती म्हणाली, "लागला."

सहदेव एकच्या सुमारास आला. आधी वाडीच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जाऊन त्याने फ्यूज काढून खिशात घातले, मग दोघं माळ्यावर गेले. पत्र्याच्या कडेने वायरीत करवतीसारखी खाच पाडली होती, आतली चंदेरी तार उघडी दिसत होती. सहदेवने ती बघितली, मग दर्शनाकडे बघितलं. तो तिला आयटीआयपासून ओळखत होता. हळूच म्हणाला, "उंदराने कुरतडली म्हण. माळ्यावर धान्य आहे, कुणाला खोटं वाटणार नाही."

ती खाली उतरली. अंगणात वाडीतली सात-आठ माणसं जमली होती. सोनबाला खाटेवर बसवून राहीबाई त्याचा खांदा शेकत होती. दर्शना त्याच्यापुढे बसली आणि बोलू लागली. त्याला ऐकू गेलं नाही. मग तिला त्याच्या कानाशी जाऊन ओरडून सांगावं लागलं, आणि ते साऱ्या अंगणाने ऐकलं.

"बाबा, चूक माझी. मी त्या वेळी पाइप घातला नाही. येते म्हणाले आणि आले नाही."

सोनबाने विचार केला. "तवा कौलं व्हती," तो म्हणाला. "पत्रे मी घातले. मला तरी कुठं म्हाईत."

"पाइप असता तर पत्र्यांनी काही झालं नसतं."

त्यावर बोलली ती राहीबाई, शेकणं न थांबवता. "तीन दिस मी त्या तारेला हात लावत व्हते. माजी नात सणाला आलेली, परवाच गेली मुंबईला. तीही लावत व्हती." एवढंच. आवाज चढवला नाही. दर्शना म्हणते, तिने चढवला असता तर बरं झालं असतं.

चांगूने दर्शना आणि सहदेवला देवळापाशी नेऊन सोनबाच्या मुलाला मुंबईला फोन केला आणि फोन दर्शनाच्या हातात दिला. मुलगा बराच वेळ बोलत होता. पोलिसांत जाईन म्हणाला, दुसरा वायरमन पाठवतो म्हणाला, आई-बापाला काही झालं असतं तर त्याने काय केलं असतं तेही म्हणाला. ती "हो" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "दुसरा कुणीही बोलवा, मी अडवत नाही. पण तो येईपर्यंत घरात अंधार राहील आणि बाबांचा खांदा दुखतोय. आज मी नीट करून देते, तुमच्या माणसाने येऊन तपासावं." फोन सहदेवने घेतला, तो काय बोलला मला माहीत नाही. मुलगा हो म्हणाला.

तिने मागच्या भिंतीला पत्र्याच्या हातभर खाली भोक पाडलं, पाइप बसवला, बेंड लावला, जुनी वायर पूर्ण काढून चांगूच्या घरी पडून असलेली नवी वायर घातली, बाहेर झोल दिला. साडेचार वाजले. राहीबाई सगळा वेळ खाली उभी होती, काय करतेय ते बघत. मध्ये एकदा तिने विचारलं, "हा बाक कशाला?" दर्शनाने सांगितलं. "तवा नव्हता घातला?" "नाही."

सहदेवने फ्यूज बसवले. दिवे लागले. दर्शनाने टेस्टर पत्र्याला, पाइपला, तारेला लावून दाखवला. ठिपका नव्हता.

"त्याचं मला काय कळतं," राहीबाई म्हणाली. "तू हात लाव."

पडवीत पत्र्याची कड हाताला येत होती. पाऊस थांबला होता, पत्रा ओला होता. दर्शनाने चप्पल काढली, ओल्या जमिनीवर उभी राहिली आणि पूर्ण पंजा पत्र्याला लावला. राहीबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "असू दे," आणि आत गेली.

ती परत दुकानात आली तेव्हा साडेसहा झाले होते. मी तिला पाणी दिलं. तिने मला सगळं सांगितलं, पण पाइप संपला होता आणि मागाहून घाल असं मी म्हणालो होतो, त्याचा उल्लेख केला नाही. अंगणातही केला नव्हता. मी म्हणालो, "दर्शना, त्यात माझीही चूक आहे." ती म्हणाली, "काका, वायर मी ओढली." मी अजून उंबरखोलला जाऊन ते सांगितलेलं नाही. जायला हवं, असं दर श्रावणात वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या वर्षातल्या कामांची यादी काढली. शिवथरपासून तुडीलपर्यंत सव्वीस घरं. गणपतीपर्यंत आणि नंतर नवरात्रापर्यंत, काम नसेल त्या दिवशी, ती एकेका घरी जाऊन माळ्यावर चढून आली. तीन ठिकाणी वायर अशीच नुसती फटीतून घातलेली निघाली. दोन घरांनी चहा दिला. तिसऱ्या घरातल्या माणसाने ओरडून हाकलून दिलं आणि आठवड्याने स्वतःच फोन केला.

सोनबाचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पोलादपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयही आहे. राहीबाई दर्शनाशी मोजकंच बोलते. पण गेल्या उन्हाळ्यात मुलाने विहिरीवर मोटर बसवायला आणली, तेव्हा चांगू निरोप घेऊन माझ्या दुकानात आला. म्हातारीने नाव घेऊन सांगितलं होतं, त्या पोरीलाच पाठवा.